मैलापूरचे रायर आणि त्यांचे मूळ गाव

चेन्नईतील, म्हणजे पूर्वीच्या मद्रासेतील, मैलापूर ही वस्ती खुद्द मद्रासहून पुरातन आहे. ‘मयिल’ म्हणजे मोर. मोरांचे गाव ते मयिलापूर. कपालीश्वराचे देवालय, त्याच्या पश्चिमेचे विस्तीर्ण तळे आणि देवालयाभोवतीच्या माडवीथी यांच्या आसपास जी जुनी घरे अजून तग धरून आहेत, किंवा ज्यांच्या जागी आता मजल्यांवर मजले चढले आहेत, त्यांपैकी काहींच्या स्वयंपाकघरांत आजही मराठी बोलली जाते. शब्द मराठी, हेल तमिळ, आणि मधूनच एखादा असा जुना प्रयोग, की पुण्याच्या माणसाने थबकून कान द्यावा. शेजारीपाजारी या मंडळींना ‘रायर’ म्हणतात. राव या उपपदाचे तमिळ आदरार्थी रूप ते रायर. त्यांची लिहिण्यावाचण्याची भाषा तमिळ आणि इंग्रजी. मराठी ती घरात बोलण्यापुरती.

अशा घरातील एखाद्या गृहस्थाला मूळ गाव विचारावे, तर तंजावर हे उत्तर तत्काळ मिळते. तंजावरच्या आधी कोठले, असे विचारले की मात्र उत्तर अडखळते. कोणी सातारा म्हणतो, कोणी पुणे, कोणी नुसतेच ‘महाराष्ट्र’ म्हणून थांबतो. गोत्र ठाऊक असते, शाखा आणि सूत्र ठाऊक असते, कुलदैवतही ठाऊक असते. ठाऊक नसते ते आडनाव आणि गाव. आणि महाराष्ट्रातील कोणतेही जुने दप्तर उघडावयाचे म्हटले, तर त्याच्या किल्ल्या नेमक्या याच दोन असतात.

अलीकडे या कोड्यावर एक नवा उपाय पुढे आला आहे. थोडीशी लाळ एका नळीत घालून परदेशी पाठवावी आणि काही आठवड्यांनी आपले दूरचे नातलग कोण, याची यादी घरबसल्या मिळवावी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलानातवंडांच्या हौसेने ही नळी दक्षिणेतील मराठी घरांतही येऊ लागली आहे. रक्त जे सांगते ते आणि दप्तर जे सांगते ते, या दोन साक्षी जुळतात कोठे आणि फारकत घेतात कोठे, हे पाहावयास मैलापूरइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम इतिहास पाहू. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर १६३८ नंतरच्या काळातील. त्यांचे पुत्र व्यंकोजी उर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तेथे भोसल्यांचे राज्य सुरू झाले. ते १८५५ पर्यंत चालले. या एकशेऐंशी वर्षांत महाराष्ट्रातून कारकून, शास्त्री, शिलेदार, पुराणिक आणि हरिदास दक्षिणेस येत राहिले. परंतु ते सगळे सह्याद्रीच्या पायथ्याहून थेट कावेरीच्या काठी आले, असे समजणे चुकीचे होईल. पुष्कळ घराणी विजापूरच्या चाकरीत होती, तेथून शहाजीराजांबरोबर बंगळूर-कोलार भागात गेली आणि मग एकोजीच्या फौजेबरोबर खाली उतरली. म्हणजे मूळ गावाचा शोध तंजावराहून एकदम सातारा-पुण्याकडे उडी घेऊ शकत नाही. वाटेत कर्नाटक आहे, आणि तेथे दोन-तीन पिढ्यांचा मुक्काम पडलेला आहे.

पुढे १७९९ मध्ये तंजावरचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले, तेव्हा राज्यही खालसा झाले. दरबाराच्या आश्रयाने राहणारी मराठी कुटुंबे कुंभकोणम आणि मद्रास येथे पसरली. मद्रास विद्यापीठ १८५७ मध्ये आणि तेथील उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झाले. शिकलेल्या माणसाला मद्रासेत अन्न होते, आणि मैलापूर ही वकिलांची आणि मोठ्या हुद्देदारांची वस्ती होत गेली. सर टी. माधवराव हे नाव बडोद्याच्या आणि इंदूरच्या मराठी वाचकाला परके नाही. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मलेले हे गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, आणि १८९१ मध्ये मैलापुरातच निवर्तले. त्यांचे चुलतबंधू दिवाणबहादूर आर. रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण होते. त्यांच्या मैलापुरातील घरी डिसेंबर १८८४ मध्ये सतरा गृहस्थांची एक बैठक भरली होती, आणि राष्ट्रीय सभेच्या पूर्वेतिहासात तिचा उल्लेख नेहमी होतो.

या दोन भावांच्या नावांकडे थोडे लक्ष द्यावे. एकाच्या नावापुढे ‘टी’, दुसऱ्याच्या नावापुढे ‘आर’. माधवरावांचा ‘टी’ म्हणजे तंजावर. एकाच घराण्यातले हे दोघे चुलतभाऊ. पण नुसत्या नावांवरून पाहणाऱ्याला त्यांचे नाते कधीही कळणार नाही. तमिळ देशात आडनावाची चाल नाही. नावाआधी गावाचे किंवा पित्याच्या नावाचे आद्याक्षर लावावयाचे, एवढेच. तेथे रुळलेल्या मराठी घराण्यांनी हीच रीत उचलली आणि दोन-तीन पिढ्यांत आडनावे गळून पडली. सगळेच राव झाले. पित्याचे आद्याक्षर तर दर पिढीला बदलते. म्हणून जुन्या सरकारी याद्यांत एकच कुटुंब पन्नास वर्षांच्या अंतराने शोधणे म्हणजे पाण्यावरची पावले शोधण्यासारखे होते.

तथापि आडनाव हाती लागले असते तर सारे सोपे झाले असते, हीदेखील भाबडी समजूत आहे. देशस्थांत कुलकर्णी, देशपांडे, जोशी ही आडनावे वतनाची किंवा वृत्तीची आहेत. गावोगावी कुलकर्णी होते आणि त्यांचे परस्परांशी नाते असेलच असे नाही. कोकणस्थांतील काही घराण्यांनी विसाव्या शतकात जाडजूड कुलवृत्तान्त छापले, कारण तेथे एक आडनाव आणि एक गोत्र मिळून एक कुळ बऱ्याच अंशी निश्चित होते. देशस्थाला ही सोय नाही. त्याला आडनावाबरोबर गाव हवेच.

आता रक्ताची साक्ष. माणसाच्या शरीरातील डी. एन. ए. त्याला आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा मिळतो. पिढीगणिक त्याचे तुकडे होतात आणि ते नव्याने जुळतात. दोन माणसांच्या डी. एन. ए.मध्ये सारखे असलेले लांब तुकडे मोजून त्यांचे नाते अजमावता येते. हे तुकडे सेंटिमॉर्गन या मापात मोजतात. सख्ख्या भावंडांत सुमारे २६०० सेंटिमॉर्गन समान भरतात. चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडांत सुमारे ८५० ते ९००. त्यांच्या मुलांमुलांत सव्वादोनशेच्या आसपास, आणि त्याही पुढच्या पिढीत सत्तर-पंचाहत्तर. आणखी एक पिढी खाली उतरले की निम्म्याच्या आसपास जोड्यांत एकही समान तुकडा सापडत नाही, जरी नाते पूर्णपणे खरे असले तरी. रक्ताची स्मृती जवळच्या पिढ्यांत अतिशय स्पष्ट आणि दूरच्या पिढ्यांत झपाट्याने अंधूक होत जाते.

एकोजीच्या काळापासून आजपर्यंत साडेतीनशे वर्षे झाली. पिढ्या मोजल्या तर साधारण बारा. बाराव्या पिढीला माणसाच्या पूर्वजांची ४०९६ स्थाने होतात. यांतील बहुतेकांकडून आजच्या वंशजाच्या अंगात डी. एन. ए.चा एकही तुकडा आलेला नसतो. ज्या पूर्वजाने बैलगाडीत देव्हारा घालून कृष्णाकाठ सोडला, तो आजच्या पणतूच्या खापरपणतूच्या रक्तात मुळीच नसणे अगदी संभवनीय आहे. आणि तरीही तो पूर्वज आहेच.

या ४०९६ स्थानांवर तितकीच वेगळी माणसे असतात असेही नाही, आणि दक्षिणेतील मराठी घरांची खरी गुंतागुंत येथे आहे. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात उत्तरेची आणि दक्षिणेची नातेव्यवस्था किती भिन्न आहे ते दाखवले आणि महाराष्ट्र हा त्या दोहोंच्या मधला प्रदेश असल्याचे प्रतिपादन केले. उत्तरेत नात्यातले लग्न निषिद्ध; दक्षिणेत मामाची मुलगी ही हक्काची वधू; आणि दक्षिणेतील पुष्कळ जातींत खुद्द मामाशीच भाचीचे लग्न लागते. तमिळ देशात स्थिरावलेल्या देशस्थांनी ही चालही घेतली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड विवाहास मनाई केली, पण जेथे रूढी असेल तेथे सूट ठेवली. त्यामुळे ही प्रथा कायद्याने बंद पडली नाही, शिक्षणाने आणि स्थलांतराने ती हळूहळू विरळ झाली.

मामा-भाचीच्या अपत्याची वंशावळ काढू लागले की गंमत होते. त्या मुलाच्या बापाचा बाप हाच त्याच्या आईच्या आईचाही बाप असतो. एकच गृहस्थ एकाच मुलाचा आजोबा आणि पणजोबाही! असे विवाह चार-पाच पिढ्या, थोड्याशाच घराण्यांत, होत राहिले की वंशवृक्ष हा वृक्ष राहत नाही. वडाच्या पारंब्या जशा पुन्हा भुईत शिरून खोडाला मिळतात तसे त्याचे होते. परदेशी प्रयोगशाळेचे गणित मात्र सरळसोट वृक्ष गृहीत धरून मांडलेले असते. दोन माणसांत सव्वादोनशे सेंटिमॉर्गन समान आढळले की ते यंत्र निःशंकपणे सांगते की यांचे पणजोबा एक. वस्तुतः ती दोघे पाच निरनिराळ्या वाटांनी एकमेकांची दूरची नातलग असतात आणि पाच वाटांची बेरीज एका जवळच्या नात्यासारखी दिसते. म्हणून येथे एकूण बेरजेपेक्षा तुकड्यांची लांबी पाहावी लागते. जवळच्या नात्यात थोडे पण लांब तुकडे असतात. जुन्या, वारंवार जुळलेल्या नात्यात पुष्कळ पण आखूड तुकडे असतात. एवढा एक विवेक बाळगला तरी निम्मे घोटाळे टळतात.

या बंदिस्तपणाचा अभ्यास भारतात पुष्कळ झाला आहे. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग आणि के. थंगराज यांनी अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने २००९ मध्ये भारतीयांच्या पूर्वजांविषयी मोठा निबंध प्रसिद्ध केला. २०१३ च्या दुसऱ्या निबंधाने असे दाखवले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातील जनसमूह एकमेकांत मिसळत होते आणि नंतर ते मिसळणे थांबत गेले. २०१७ च्या तिसऱ्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले गेले. त्यांपैकी ८१ समूहांत थोड्याच मूळ पूर्वजांपासून वाढल्याची खूण पूर्व युरोपातील ज्यू आणि फिनलंडचे लोक यांच्याहूनही ठळक आढळली. हा केवळ जिज्ञासेचा विषय नाही. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात एका विकराची उणीव इतरांच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात आढळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका औषधाचा परिणाम अशा रोग्यात लवकर ओसरत नाही आणि श्वास धोक्यात येतो. भूल देणाऱ्या डॉक्टराला ही गोष्ट आधी ठाऊक असली तर जीव वाचतो. ज्या घरांत चार पिढ्या नात्यातच लग्ने झाली, त्या घरांनी कोण कशाने गेले हे वंशावळीत नोंदवून ठेवले, तर ती नोंद मूळ गावाच्या नावापेक्षाही अधिक उपयोगी पडेल.

डी. एन. ए.मध्ये दोन भाग असे आहेत की जे पिढ्यान्‌पिढ्या न मिसळता चालत येतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळते; आणि पेशीतील तंतुकणिकांचा डी. एन. ए. आईकडून सर्व अपत्यांना मिळतो, पण पुढे जातो तो केवळ मुलींच्याच द्वारे. वाय गुणसूत्राची वाट ही गोत्राचीच वाट आहे, असे वरवर पाहता वाटते. पुष्कळांनी तसे उत्साहाने लिहिलेही आहे. पण गोत्र दत्तकाने बदलते, गुणसूत्र बदलत नाही. आणि मराठ्यांच्या इतिहासात तर दत्तकाचे स्थान फार मोठे आहे.

तंजावरचेच पाहावे. तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, भोसले कुळातील दुसऱ्या शाखेचा एक मुलगा दत्तक घेतला. तो दुसरा सर्फोजी. तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी हे दत्तविधान अशास्त्र आहे असा वाद मांडला. पंडितांची मते घेण्यात आली आणि अमरसिंहांना गादी मिळाली. पुढे पुन्हा पंडितांची मते घेण्यात आली, ती उलट पडली, आणि १७९८ मध्ये कंपनी सरकारने सर्फोजीला गादीवर बसवले. यानंतर पाचच वर्षांनी, १८०३ मध्ये, सर्फोजीराजांनी बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर भोसले वंशाचा समग्र वृत्तान्त मराठीत कोरवून घेतला. चोळांच्या त्या प्रचंड देवालयात हा मराठी शिलालेख पाहताना त्याच्या लांबीचे कौतुक होते. परंतु ज्याच्या वंशाविषयी दोनदा पंडितसभा भरली, त्या राजाला आपली वंशावळ दगडात असावी असे का वाटले असेल, हेही ध्यानात घ्यावे. आणि त्याच लेखात ज्याचा इतिहास येतो त्या राजवंशात १७३८ च्या सुमारास सवाई शहाजी उर्फ काटराजा हा पहिल्या सर्फोजीचा पुत्र म्हणवून गादीवर आला होता आणि तोतया ठरून उतरला होता. त्या काळी अशा वादाचा निकाल दाया, दासी आणि किल्लेदार यांच्या साक्षींवर लागे.

सर टी. माधवरावांच्या आयुष्यातही हाच विषय एकदा येऊन गेला. १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले, आणि त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव गायकवाड हा मुलगा महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला. दूरच्या शाखेचे नाते आधी तपासण्यात आले होते. हेच पुढे सयाजीराव महाराज. आणि १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. ते शाहू छत्रपती. वाय गुणसूत्राला विचारले तर ते घाटगे म्हणेल. इतिहासाला विचारले तर तो छत्रपती म्हणेल. दोन्ही उत्तरे खरी आहेत, प्रश्न मात्र निरनिराळे आहेत. मैलापूरच्या एखाद्या सामान्य घराचे वाय गुणसूत्र त्याच गोत्राच्या दुसऱ्या घराशी जुळले नाही, तर लगेच कोणाच्या चारित्र्याविषयी कुजबुज करण्याचे कारण नाही. अपुत्रिक चुलत्याला भाचा दत्तक दिला, एवढे साधे कारण त्यामागे असू शकते, आणि त्याचा कागद एखाद्या पेटीत पडलेला असतो.

स्त्रियांची वाट याहून चमत्कारिक आहे. २०१२ मध्ये इंग्लंडातील लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली एक सांगाडा सापडला. तो १४८५ मध्ये रणांगणावर पडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा, असा संशय आला. राजाच्या बहिणीपासून लेकीबाळींच्या वाटेने उतरत येणारी वंशावळ कागदपत्रांतून जुळवीत शोधकर्ते लंडनमध्ये लाकडी सामान बनवणाऱ्या एका गृहस्थापाशी येऊन पोहोचले. त्याचा आणि सांगाड्याचा तंतुकणिकांचा डी. एन. ए. जुळला, पाचशे वर्षे आयांनी लेकींना दिलेली ही ठेव शाबूत निघाली. उलट, बापाच्या वाटेने आलेल्या उमराव घराण्यातील पुरुषांचे वाय गुणसूत्र राजाशी जुळले नाही! ज्या वाटेचा अभिमानाने हिशेब ठेवला होता तीच मध्ये कोठेतरी तुटलेली निघाली.

मराठी घरात मात्र लेकींची ही वाट कागदावर जवळजवळ नसतेच. आपल्या वंशावळीत मुलांची नावे असतात; मुलींच्या जागी पुष्कळदा ‘कन्या २’ एवढाच उल्लेख. त्यातून लग्नात नाव बदलते. माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मी होते, आणि दोन्ही नावे एकाच बाईची हे सांगणारे माणूस गेले की दुवा संपतो.

तरीही एक नोंद अशी आहे की जिच्यात स्त्रियांनाही स्थान आहे, आणि ती कागदावर नाही. श्राद्धतर्पणाच्या वेळी पिता, पितामह, प्रपितामह यांची नावे गोत्रासह उच्चारली जातात. त्यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचीही. आणि मग आईकडील बाप, आजा, पणजा. कर्त्या पुरुषाला वडिलांकडच्या तीन आणि आईकडच्या तीन पिढ्या अशा रीतीने मुखोद्गत असतात. वडिलांचे तर्पणाचे टिपण आणि आजोबांचे टिपण दोन्ही हाती असली तर पाच पिढ्या मिळतात, आणि त्याही दोन्ही बाजूंच्या. परदेशी वंशशोधकांना हेवा वाटावा अशी ही सामग्री आहे. मैलापुरातील घरांत ती बहुधा एखाद्या जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानावर, तमिळ किंवा ग्रंथ लिपीत, क्वचित मोडीत लिहिलेली सापडते.

कागदाचे दुसरे मोठे भांडार तंजावरास आहे. सरस्वती महालाच्या हस्तलिखितांची कीर्ती सर्वत्र आहे, पण त्या ग्रंथांपलीकडे मराठी राज्याच्या कारभाराचे मोडी कागद बस्त्याबस्त्यांनी शिल्लक राहिले. कोणाला किती वेतन, कोणत्या अग्रहारात कोणाचा वाटा, कोणाच्या लग्नाला राजवाड्यातून किती दिले, छत्रांत कोणास नेमले, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदी त्यांत आहेत. आणि घराण्याचा शोध घेणाऱ्याला नेमक्या याच क्षुल्लक नोंदी सोन्याच्या मोलाच्या. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांतील काही कागदांचे तमिळ भाषांतर छापून प्रसिद्ध केले. म्हणजे मराठी माणसाने आपल्या पूर्वजाचे मराठी पत्र तमिळमधून वाचावे, असा योग आला आहे. आणि मैलापूरच्या रायरांच्या बाबतीत तो योग सोयीचाच म्हणावा लागेल, कारण मोडी त्यांना येत नाही आणि तमिळ उत्तम येते. मद्रासेतील कागदांसाठी एग्मोर येथील राज्य अभिलेखागार आहे. विद्यापीठाच्या जुन्या पदवीधरांच्या याद्या, सरकारी नोकरांच्या सूची आणि उपनिबंधकांच्या कचेरीतील खरेदीखते यांनी एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध बऱ्यापैकी भरून निघतो. खरेदीखतात बापाचे नाव असतेच. वाटणीपत्रात तर साऱ्या भाऊबंदांची.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर त्र्यंबक, नाशिक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. काशी, प्रयाग, गया येथेही आहेत. यात्रेकरू स्वतःच्या हस्ताक्षरात आपले, बापाचे, भावांचे, मुलांचे नाव लिहून गेलेला असतो. पण या वह्या गावावर आणि आडनावावर लावलेल्या. ‘राव, तंजावर’ एवढे सांगून कोणता उपाध्याय कोणते पान उघडणार? मग मागे उरतो तो कुलाचार. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला ज्या घरी वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य होतो, त्या घराने जेजुरीचे नाव ऐकलेले नसले तरी त्याचा खंडोबा कोठेतरी असलाच पाहिजे. नवरात्रात तुळजाभवानीचा गोंधळ नाही, पण तिच्या नावाची परडी आहे, हीही एक साक्षच. मात्र येथे एक चकवा आहे. कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात मैलापूर नावाचेच गाव असून ते मैलाराचे, म्हणजे खंडोबाचे, क्षेत्र आहे. जुन्या कागदात ‘मैलापूर’ वाचून ते मद्रासचे समजणारा आणि मद्रासच्या मैलापुरात खंडोबा शोधणारा, असे दोघेही सारखेच वाट चुकतील. एक मोराचे गाव, दुसरे मैलाराचे.

मग लाळेच्या नळीचा उपयोग तो काय? उपयोग आहे, पण तो दुवे जुळवण्याचा. समजा, मैलापुरातील एका घराचे एका अनोळखी कुटुंबाशी लांब तुकडे जुळले, आणि ते कुटुंब निघाले बडोद्याचे, किंवा तिरुवनंतपुरमचे. दिवाणांबरोबर त्यांचे आप्त, कारकून आणि स्वयंपाकीही त्या त्या संस्थानांत गेले होते. नाते तेथे राहून गेले. या घराकडे आडनाव नाही, पण त्या घराकडे कदाचित ते टिकले असेल, किंवा मूळ गावची एखादी इनामाची सनद असेल. रक्ताने घराचा पत्ता दिला आणि पुढची वाट कागदाने दाखवली, असे होऊ शकते. अट एवढीच की त्या दुसऱ्या घरातील कोणीतरी चाचणी केलेली पाहिजे. या संग्रहांत भरणा अमेरिका-युरोपातील लोकांचा. महाराष्ट्रातल्या खेड्यात राहिलेली मूळ शाखा त्यांत येणार कोठून? म्हणूनच बहुतेकांना सापडतात ते न्यू जर्सीतील किंवा कॅलिफोर्नियातील नातलग, आणि तेही तंजावरचेच निघतात.

आणखी एक गोष्ट या नळीत असते. ती एकट्याची नसते. भावाने चाचणी केली की बहिणीचेही पुष्कळ उघड होते, आणि बहिणीला कोणी विचारलेले नसते. ‘ट्वेन्टी थ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीच्या संग्रहातून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मोडी बस्ता वाळवीने खाल्ला तर माहिती नष्ट होते. ही माहिती नष्ट होत नाही, हात बदलते. घरातल्या एखाद्या जुन्या दत्तकाची, एखाद्या लपवलेल्या विवाहाची वार्ता अशा यादीतून अकस्मात बाहेर आली, तर ती ऐकण्याची तयारी घरातल्या वृद्धांची आहे काय, हे नळी पाठवण्यापूर्वी विचारलेले बरे. काही घरांत उत्तर ‘नको’ असे येईल. ते उत्तरही मानावे.

वृद्धांना विचारण्यासारखे दुसरेही पुष्कळ आहे, आणि त्याला नळी लागत नाही. मैलापुरातील एखाद्या आजींना त्यांचे माहेर विचारले तर त्या कुंभकोणम किंवा मन्नारगुडी सांगतील. त्यांच्या आईचे माहेर विचारले तर तिरुवैयारू. आजीचे विचारले तर थोडे थांबून, बोटे मोजून, आणखी एक नाव. तिचे लग्नापूर्वीचे नाव कोणते, तिला कोणत्या नात्याने या घरी दिली, तिच्या माहेरी देवीला कोणता नैवेद्य होता, हे सारे त्या एकाच संभाषणात निघते. रेघ ओढीत गेले तर ती तंतुकणिकांच्या डी. एन. ए.चीच वाट असते, फक्त नावानिशी. आजींच्या आजीचे माहेर कोठले, हे मात्र बहुतेक घरांत आता एकाच व्यक्तीला ठाऊक असते, आणि तिचे वय ऐंशीच्या पुढे असते.